तीनदा गाळलेली ओळ

ता. ९ जानेवारी

चि. भिंगरी हिस मामीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

त्या सकाळी मी पाणी भरून घेतलं होतं, दूध तापवून झाकलं होतं, कोळशाची इस्त्री फुंकून दारात ठेवली होती आणि आदल्या दिवशीच्या चिंध्या बोचक्यात कोंबत होते. तेवढ्यात तुझे मामा कापायच्या टेबलापलीकडून खाकी कागदाचा एक तुकडा घेऊन आले. त्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. म्हणाले, साप्ताहिकाला पाठवायचं आहे, तुझं अक्षर चांगलं, जरा उतरवून दे. मी म्हटलं, आधी चिंध्या आवरू द्या. मग हात पुसून बसले आणि एका बैठकीत उतरवून दिलं. तू मागितलीस ती कविता हीच. एवढी एकच माझ्यापाशी आहे. साप्ताहिकानं परत पाठवली ती पाकिटासकट ट्रंकेत पडून होती. आत संपादकांची दोन ओळींची चिठ्ठी आहे, की कल्पना चांगली, पण कविता अपुरी वाटते. तेव्हा मला फार राग आला होता. दिवसभर कात्री चालवून माणूस चार शब्द लिहितो, त्याला अपुरं म्हणणारे हे कोण?

तुमच्या वाचनालयात हातकाम करणाऱ्यांच्या कवितांची पुस्तिका निघते आहे आणि तीत मामांची कविता घ्यायची तुझी इच्छा आहे, हे वाचून बरं वाटलं. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. कुणी त्यांचं नाव काढलं की दुकानाच्या पायरीवर कुणीतरी चपला काढतंय असं वाटतं. खाली नक्कल करून पाठवते. अक्षर आता पूर्वीसारखं राहिलं नाही, पण तेव्हा लिहिलं तेच शब्द न् शब्द उतरवलं आहे.

दोरा सुईत जाईना, हात अडे टोकावर, सांज दारात थांबली, दिवा जरा मोठा कर. रेघ खडूची मारली, दिसेना ती काळ्यावर, कात्री विचारते वाट. तू समोरच बसून शिवतेस भरभर, तुझे नाकही दिसेना. वात चढली काचेत, तेज आले भिंतीवर, म्हणतेस तू, झाला की.

मामांची सवय तुला ठाऊक आहे. एक गोष्ट चारदा सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कागदावरही तेच केलं होतं. शिवाय ओळी अर्ध्यावर सोडलेल्या, निम्मा कागद कोरा. मी सगळं निस्तरून सलग लिहिलं आणि पोस्टकार्डाएवढ्या जागेत बसवलं. शिंप्याच्या बायकोला कापड वाया गेलेलं बघवत नाही, मग कागद तरी कसा बघवेल?

आता एक विचारते, हसू नकोस. त्यांची नजर गेल्यावर पुढची पंधरा वर्षं मी त्यांना रोज वाचून दाखवलं. चौथी पास बाई मी, पहिल्या वर्षी जोडाक्षर आलं की ठेच लागायची. पण कथा झाल्या, चरित्रं झाली, प्रवासवर्णनं झाली, आमच्या वाचनालयाची तीन कपाटं संपली. कवितेचं कपाट मात्र त्यांनी कधी उघडू दिलं नाही. आणू का म्हटलं की म्हणायचे, ते राहू दे. त्यामुळे माझंही राहिलं. तू कॉलेजात कविताच शिकवतेस. तर मला सांग, कविता कशाला म्हणायचं? साध्या बोलण्यात आणि तिच्यात फरक काय, आणि कडेचा कागद कोरा का सोडतात?

तुझ्या आईला म्हणावं, गुडघ्याला तेल लावायचा कंटाळा करू नका. मामीवर आहे तेवढी माया राहू दे, जास्त मागत नाही.

तुझी,
मामी

ता. १७ जानेवारी

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्गात नेलं होतं. मुलांना म्हटलं, एका बाईंनी तीन कपाटं संपवून मग विचारलंय की कविता म्हणजे काय, आणि तुम्ही न वाचताच परीक्षेत त्याचं उत्तर लिहून येता. दोघांनी माना खाली घातल्या. बाकीच्यांच्या आधीच खाली होत्या, ते झोपले होते.

बरं, आता बोटं पुढे कर. आपण मोजू. दो, रा, सु, ई, त, जा, ई, ना. आठ. हा, त, अ, डे, टो, का, व, र. पुन्हा आठ. पुढेही मोजून बघ, प्रत्येक तुकडा आठ अक्षरांचा आहे. मामांनी शब्दांचीसुद्धा मापं घेतली होती. अशा एका तुकड्याला चरण म्हणायचं. तो संपला की वाचणारा जरा श्वास घेतो, त्या थांब्याला यती म्हणतात. चार चरणांचं एक कडवं. आणि दुसऱ्या चरणाच्या शेवटी टोकावर, चौथ्याच्या शेवटी कर, असे कानाला सारखे वाटणारे शब्द येतात, ते यमक. एक काज आणि एक बटण. काज दिसलं की कान बटणाची वाट बघतो.

कोऱ्या कडेचं म्हणशील तर ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. शिवणीच्या आत तू दोन बोटं कापड सोडतेस. बाहेरून दिसत नाही, पण ते कापून टाकलं तर पहिल्याच ओढीला शिवण उसवते. ओळीपुढचा कोरा कागद तसा असतो.

ही झाली शिकवणी. आता माझी अडचण. पहिल्या कडव्यात चार चरण आहेत. दुसऱ्यात तीनच. तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन. काळ्यावर, भरभर, भिंतीवर, ही तीन काजं आहेत आणि त्यांची बटणं कुठेच नाहीत. संपादक अपुरी म्हणाले ते त्यामुळेच असणार. सदऱ्याला वरचं एक बटण लावून बाकीची तीन विसरणारा माणूस माझा मामा नव्हता. मला वाटतं, तिथे पहिल्या कडव्यातली ओळच परत येत असावी. कडव्याच्या शेवटी अशी फिरून येणारी ओळ म्हणजे ध्रुवपद. आपण घरात त्याला पालुपद म्हणतो, आणि बहुतेक वेळा वैतागून म्हणतो.

पण मामी, पालुपद म्हणजे नुसतं तेच ते नव्हे. ओळ तीच असते, पण मध्ये काहीतरी घडून गेलेलं असतं, म्हणून ती दर वेळी निराळं बोलते. तुझ्याकडे सुट्टीत राहायला यायची तेव्हा निजताना मी पाणी मागायची, आठवतं? तू द्यायचीस. मी परत मागायची. तू परत द्यायचीस, जरा पुटपुटत. चौथ्यांदा मागितलं तेव्हा तू तांब्या खाली ठेवून माझ्या शेजारी आडवी झालीस. शब्द तेच होते, पण मला तहान नाही, परक्या खोलीत भीती वाटते आहे, हे तुला चौथ्या वेळेला कळलं. पालुपदाचं सगळं शास्त्र एवढंच आहे.

मामांचा मूळ खाकी कागद असला तर कळव. पुस्तिका महिनाअखेरीस छापायला जायची आहे, पण मी थांबवून ठेवीन. आई गुडघ्याला तेल लावत नाही, वर तू विचारलंस म्हणून मलाच रागावली.

भाचीचा हट्ट पुरवत आलीस, तसाच पुढेही पुरवावास.

तुझी,
भिंगरी

ता. २४ जानेवारी

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा एका सदऱ्याची काजं करत होते. दोनदा वाचलं आणि काम पुढे ओढलं, पण प्रत्येक टाक्याला बोटं आठपर्यंत मोजायला लागली. शेवटी सदरा बाजूला ठेवला.

ती तीन बटणं मामा विसरले नव्हते. मी तोडली.

तू ओळखलंस ते बरोबर आहे. प्रत्येक कडव्याखाली दिवा जरा मोठा कर असंच लिहिलेलं होतं. उतरवताना दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा मला वाटलं, यांचं नेहमीचं सुरू झालं. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी मान वर करून म्हटलं होतं, की दिवा एकदा मोठा करा म्हटलं की कळतं मला, मी काय बहिरी आहे? चार-चारदा मोठा केला तर काच तडकेल. ते हसले होते. मीही हसले. आणि तीन ठिकाणची ती ओळ सोडून दिली. पालुपद हा शब्द मला माहीत होता, पण तो मी त्यांना गप्प करायलाच वापरत आले. तुमचं पालुपद पुरे, एवढंच वाक्य मला त्या शब्दाचं येत होतं.

आता पुढचं लिहिते. लिहायला जड जातंय, पण तुला अर्धवट सांगून पुन्हा काटछाट करणार नाही.

मागच्या खोलीत तेव्हा वीज नव्हती. संध्याकाळी कंदील लावून आम्ही समोरासमोर बसायचो, ते हातशिलाईला, मी काजांना. त्या वर्षी ते सारखे दिवा मोठा कर म्हणायचे. मी वात चढवायची आणि म्हणायची, झाला की. खोली लख्ख असायची. मला वाटायचं, माणूस म्हातारपणाकडे झुकला की कुरकुरा होतो. पुढे दीड-दोन वर्षांनी त्यांनी एका वकिलाचा काळा कोट कापला, तर डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं आखूड. वीस वर्षांत त्यांच्या हातून कापड बिघडलं नव्हतं. मी गिऱ्हाइकादेखत त्यांना बोलले, की लक्ष कुठे असतं तुमचं? ते कापड हातात घेऊन चाचपत उभे राहिले. मग डॉक्टरकडे गेलो. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, पण दोन वर्षांपूर्वी आला असतात तर होती तेवढी राखता आली असती. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, यांनी मला कधी सांगितलंच नाही हो.

ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले होते. ऐकत होते.

भिंगरी, सुई झाली, खडू झाला, मग समोर बसलेल्या बायकोचं नाक झालं. शेवटी वात वर चढली, भिंतीवर उजेड पडला, मी झाला की म्हणून मोकळी झाले, आणि तरीही हा माणूस म्हणतो आहे की दिवा मोठा कर. म्हणजे दिवा कमी नव्हताच. हे चौथ्या वेळेला कळणार होतं आणि मी ती चौथी वेळच ठेवली नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला चार वेळा मार दिला होता, त्यातला तीन वेळचा मीच पुसून टाकला. माझी नक्कल कुठे संपते बघ. झाला की, इथे. त्यांच्या कवितेचा शेवटचा शब्द मी माझा करून ठेवला.

मूळ कागदाचं काय झालं ते आठवत नाही. पेटवणात गेला असेल. ती ओळ चारही वेळा अगदी तशीच होती, का एखाद्या वेळी त्यांनी जरासा फरक केला होता, हेही आता मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून माझ्या हातचा तो तुकडा मामांची कविता म्हणून छापू नकोस. आणि नुसत्या अंदाजानं पुरी करूनही छापू नकोस. एकदा त्यांच्या शब्दांत मी हात घातला, तेवढं पुरे.

तुझ्या आईला यातलं काही कळू देऊ नकोस. तिच्या भावाच्या डोळ्यांची गोष्ट आहे. मला मुलगी नाही, म्हणून हे तुझ्यावर टाकते, तेवढं सहन कर.

तुझी,
मामी

ता. २ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुम्ही भिंगरीला सांगू नको म्हणालात, म्हणून तिनं मला काही सांगितलं नाही. तुमचं पत्र टेबलावर उघडं ठेवून आंघोळीला गेली, ती तासभर बाहेर आली नाही. आमच्या माहेरची न सांगण्याची हीच पद्धत आहे. तुमच्या नवऱ्याचीही हीच होती, हे तुम्हाला आता कळलंच आहे.

मूळ कागद आहे, वहिनी. भिंगरी सात वर्षांची असताना दादानं तिचा फ्रॉक बेतला होता, त्याचा फ्रॉकसोबत आलेला खाकी कागदाचा पॅटर्न मी ठेवून दिला होता. पुढे नात्यातल्या चार मुलींचे फ्रॉक मी त्यावरून शिवले. पाठीच्या भागाच्या उलट बाजूला पेन्सिलीनं कविता आहे. मी इतकी वर्षं ती दादाचं काहीतरी टिपण समजून कापडाखाली घालत होते. तुम्हाला उतरवायला दिला तो तुकडा त्यानं यावरूनच लिहून काढला असणार. भिंगरी पॅटर्न जपून पाठवते आहे, पण टपालाचा भरवसा नाही, म्हणून आधी इथे उतरवते. एकही ओळ गाळलेली नाही, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

दोरा सुईत जाईना,
हात अडे टोकावर,
सांज दारात थांबली,
दिवा जरा मोठा कर.

रेघ खडूची मारली,
दिसेना ती काळ्यावर,
कात्री विचारते वाट,
दिवा जरा मोठा कर.

तू समोरच बसून
शिवतेस भरभर,
तुझे नाकही दिसेना,
दिवा जरा मोठा कर.

वात चढली काचेत,
तेज आले भिंतीवर,
म्हणतेस तू, झाला की,
दिवा जरा मोठा कर.

आता माझं. बावीस वर्षं पोटात ठेवलेलं आहे, ते आज काढते. तो फ्रॉक द्यायला दादा आमच्याकडे आला तेव्हा उंबऱ्याला अडखळून पडता पडता वाचला. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, कडेचं सगळं काळं झालंय, सदऱ्याच्या बाहीतून बघितल्यासारखं दिसतं. मी विचारलं, वहिनीला सांगितलंस का? म्हणाला, तोंडानं सांगवत नाही. ती दुकान, घर आणि मी असं तिन्ही एका हातानं ओढते, तिच्यापुढे हे कसं ठेवू? पण लिहून ठेवलंय, म्हणाला, साप्ताहिकासाठी तिलाच उतरवायला देतो. उतरवता उतरवता कळेल तिला.

दोन महिन्यांनी मी पुन्हा विचारलं. तो सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होता, तो थांबवून म्हणाला, तिनं वाचलं. एक ओळ ठेवली, तीन काढून टाकल्या. मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाला, म्हणजे तिला ते ऐकवत नाही. तिनं नको म्हटलंय, आता पुन्हा विचारायचं नाही, आणि तूही बोलायचं नाहीस. मला शपथ घातली.

मी गप्प बसले. मला वाटलं, नवरा-बायकोचं आहे, त्यांचं त्यांना. तुम्ही वकिलाच्या कोटावरून त्याला बोललात ते कानावर आलं तेव्हा उलट मला तुमचाच राग आला होता, की सगळं माहीत असून ही बाई असं कसं बोलते! तुम्हाला माहीतच नव्हतं हे मला तुमच्या पत्रातून कळलं. एकदा येऊन तुमच्यासमोर बसले असते तर त्याची नजर राहिली असती. म्हणून सांगते, दोष वाटायचाच असेल तर तिघांत वाटू. तुम्ही एकट्यानं घेऊन बसू नका.

गुडघ्याला तेल लावते आहे, भिंगरीचं ऐकू नका. नणंदेला दूर लोटू नये एवढीच विनंती, बाकी तुम्ही जाणत्या आहात.

तुमची,
वन्सं

ता. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस आशीर्वाद आणि ती. वन्संना नमस्कार. हे पत्र दोघींना मिळून.

पॅटर्न काल पोहोचला. घडी जशीच्या तशी होती. कापायच्या टेबलावर पसरला. आधी फ्रॉकची बाजू वर ठेवली, छाती चोवीस, उंची बावीस, गळ्यापाशी त्यांची ती नेहमीची तिरपी फुली. खूप वेळ तीच बाजू बघत बसले. मग उलटला.

ओळ चारही वेळा एकच आहे. काना-मात्रेचा फरक नाही. पहिल्या वेळी पेन्सिल हलकी आहे. चौथ्या वेळी इतकी दाबली आहे की अक्षरं दुसऱ्या बाजूनं उमटली आहेत, फ्रॉकच्या कमरेशी. डोळे मिटून बोट फिरवलं तरी लागतात. नजर गेल्यावर ते काजं अशीच अंगठ्यानं तपासायचे.

वन्संच्या पत्रानंतर एक गोष्ट आठवली, ती लिहिते. पाकीट चिकटवण्याआधी त्यांनी मला कविता वाचून दाखवायला सांगितलं होतं. मला वाटलं, स्वतःचं कौतुक ऐकायचं आहे. मी शाळेत धडा वाचतात तशी सगळी वाचून काढली. त्यांनी विचारलं, एवढीच? मी म्हटलं, झाली की. मग म्हणाले, बरं, चिकटव. मी चिकटवलं. कवितेत जे लिहिलं होतं तेच मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, आणि पुढची ओळ त्यांनी म्हटली नाही. ती मी त्यांना म्हणू दिलेली नव्हती.

ते मला समजले की मी नको म्हणते आहे. मी समजले की ते उगाच बोलत आहेत. एका कंदिलाच्या दोन बाजूंना बसून हे चाललं होतं.

वन्सं, तुम्ही दोष तिघांत वाटू म्हणता. तुमचा तुम्हाला परत करते. शपथ मोडायची नसते असं आपल्याला शिकवलेलं, तुम्ही ते पाळलं. त्यांच्या वाट्याचा मात्र मी त्यांना देते. त्यांचा राग येतो मला. पंधरा वर्षं रोज दुपारी मी शेजारी बसून वाचत होते, त्यांनी एकदा तरी म्हणायचं, अगं, ती ओळ का काढलीस? भिंगरी म्हणेल, मामी मोडून पडेल म्हणून ते बोलले नाहीत. पडले असते. पडू द्यायचं होतं. उठले असते आणि त्यांना म्हटलं असतं, पुन्हा सांगा, मी उतरवून घेते. मग कदाचित ते कपाट बंद राहिलं नसतं. त्यांच्या डोक्यात आणखी किती कडवी आली आणि तशीच गेली, ते आता कुणाला विचारू? बाकी उरलेला दोष माझा, आणि तो मला राहू द्या. कापड ज्याच्या हातून बिघडतं त्यानंच ते उसवायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

भिंगरी, कविता छाप. चारही वेळा ती ओळ ठेव, कडेला हवा तेवढा कोरा कागद सोड, कंजूषपणा करू नकोस. खाली नुसतं शिंपी असं लिही. नक्कल कुणी केली होती वगैरे काही लिहू नकोस.

परवा वाचनालयात कवितेचं कपाट उघडलं. ग्रंथपाल म्हणाले, वाट चुकलात का आजी? म्हटलं, हो, बरीच वर्षं. एक पुस्तक आणलं आहे. बोटं मोजत वाचते, त्यामुळे पान लवकर उलटत नाही. पालुपद आलं की पहिल्यासारखी नजर पुढे पळते, तिला धरून मागे आणावं लागतं. काही कविता कळतात, काही नाही. एका कवितेत ओळ पाच वेळा आली आणि पाचही वेळा मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही, तेव्हा तुला विचारेन.

शिवण हातात आहे तोवर माझी काळजी नको. दोघींनी पत्रं थांबवू नयेत, आणि जे असेल ते त्यात सरळ लिहावं, एवढंच मागणं.

तुमची,
मामी / वहिनी

ता. क. — काल टपाल निघून गेलं होतं, म्हणून हे पाकीट घरीच राहिलं. आज सकाळी पाणी भरल्यावर माळ्यावरून कंदील काढला, काच पुसली, तेल घातलं आणि मागच्या खोलीत लावला. समोरची खुर्ची तिच्या जागी ठेवली आणि पॅटर्न पुढे धरून कविता मोठ्यानं वाचली. ओळ चार वेळा आली. चारही वेळा मी उठून वात वाढवली. काच काळवंडली, तडकली नाही. मग दिवा मालवला. आता पत्र टाकायला निघते.